कडब्याचा काढा आणि पहिला जीव

सोमवारी सकाळी लॅबोरेटरीचे कुलूप काढले, तेव्हा वाकड्या नळीच्या फ्लास्कमधला काढा गढूळ झालेला होता. शनिवारी तो कोऱ्या चहासारखा स्वच्छ होता. आता त्यावर पातळ साय धरली होती. मी फ्लास्क खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, जागेवर ठेवला आणि पुन्हा उचलला. लॅबोरेटरीचा शिपाई तुकाराम दारात उभा राहून हे पाहत होता.

"सर, ह्यो बी नासला व्हय?"

"नासला."

"आन् तुमी तर म्हनला हुता, ह्यो नासायचा न्हाई."

मी तसे म्हटले होते खरे. तुकारामाला म्हटले होते, मॅट्रिकच्या वर्गाला म्हटले होते, आणि शाळेच्या चेअरमनसाहेबांनाही म्हटले होते.

ही हकिगत युद्धाच्या काळातली, साताऱ्यातल्या एका हायस्कुलातली आहे. मी तेथे सायन्स शिकवीत असे. बी.एस्सी. झाल्यावर वडिलांच्या दीर्घ आजारपणामुळे माझी बरीच वर्षे घरीच गेली. पहिल्यांदा खडू हाती घेतला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. इतर शिक्षकांची माझ्या वयाला नोकरीत निम्मी हयात झालेली असते. मी प्रोबेशनवर होतो. प्रोबेशन म्हणजे तात्पुरती नेमणूक. ती संपताना कमिटी तुम्हाला कन्फर्म तरी करते किंवा निरोप तरी देते. माझी मुदत दिवाळीला संपत होती. घरी पत्नी आणि दोन मुली होत्या, आणि त्या वयाचा नवशिका मास्तर दुसऱ्या कोणत्या शाळेने घेतला असता, असे मला वाटत नव्हते.

चेअरमन रावसाहेब हे निवृत्त सबजज्ज होते. अत्यंत सचोटीचे आणि अत्यंत देवभक्त. शाळेच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक व्याख्यान होई. त्या वर्षी जिल्ह्यात भूमिगतांच्या हालचालींमुळे पोलिसांचे लक्ष प्रत्येक सभेवर होते, म्हणून विषय निरुपद्रवी असावा असे ठरले. रावसाहेबांनी विषय निवडला : 'जीव आपोआप उपजतो काय?' वक्ता म्हणून माझे नाव घातले. मला चार माणसांसमोर बोलताना घाम फुटतो हे त्यांना ठाऊक होते. पण त्यांच्या मते बोलायचे नव्हतेच, पुरावा मांडायचा होता.

"पेठे मास्तर," ते म्हणाले, "निर्जीवातून सजीव आपोआप होत नाही, एवढे तुम्ही डोळ्यांना दाखवा. मग जीव घालणारा कोणी कर्ता आहे हे ओघानेच येईल. ते मी समारोपात सांगेन. नाही तर तुम्हीच सांगा, अधिक शोभेल. कन्फर्मेशनच्या वेळी कमिटीलाही बरे वाटेल."

हा प्रयोग विज्ञानाच्या पुस्तकांत जुना आहे. एखादा पौष्टिक काढा फ्लास्कमध्ये उकळायचा, म्हणजे त्यातले सूक्ष्म जीव मरतात. फ्लास्कच्या बुचातून एक वाकडी नळी बाहेर काढायची. हवा आत जाऊ शकते, पण हवेतली धूळ नळीच्या वळणात अडकते आणि धुळीबरोबर येणारे जंतूही तेथेच राहतात. काढा स्वच्छ राहतो. शेजारी दुसरा फ्लास्क उघडा ठेवायचा. तो दोन-चार दिवसांत नासतो. दोहोंना हवा मिळाली, ऊब मिळाली. फरक एवढाच की एकात जीव बाहेरून येऊ शकला आणि दुसऱ्यात नाही. अर्थ असा की जीवापासूनच जीव येतो.

पुस्तकात हा काढा मांसाचा असतो. मी हे हेडमास्तरांच्या खोलीत सहज बोललो आणि ते खुर्चीतून अर्धे उठलेच. तुकाराम रहिमतपूरकडचा, पलटणीतून पेन्शनीत आलेला. तो मदतीच्या भावनेने म्हणाला, "रस्साच पायजे तर आमच्या घरनं आनतो की, सर. बिनतिखटाचा आनतो." हेडमास्तरांनी त्याला बाहेर पाठविले आणि मला सांगितले की गणपतीसमोर मांडावयाची वस्तू काय असावी याचे तारतम्य माझ्यासारख्या सुशिक्षिताला असायला हवे.

म्हणून मी कडब्याचा काढा केला. शाळेच्या मागे एका गवळ्याची गंज होती. तेथून ज्वारीच्या कडब्याची पेंढी आणली, तुकडे केले, पाण्यात उकळले, गाळले. सोवळ्यातही चालेल असा काढा. आणि तोच आता नासला होता.

दुपारच्या सुट्टीपर्यंत ही बातमी स्टाफरूममध्ये पोहोचली होती.

संस्कृतचे शास्त्रीबुवा पानाचा डबा उघडून बसले होते. "या, पेठे. ऐकले मी. आमच्याकडे जीवांचे चार प्रकार सांगितले आहेत : गर्भातून येणारे, अंड्यातून येणारे, जमीन भेदून येणारे आणि स्वेदज, म्हणजे घाम आणि ऊब यांतून उपजणारे. तुमच्या फ्लास्कात ओल होती, ऊब होती. स्वेदज झाले. यात आश्चर्य ते काय? ही ईश्वरी योजनाच आहे."

"ईश्वरी कशाला?" इतिहासाचे मोहिते म्हणाले. हे कऱ्हाडकडचे तरुण शिक्षक, सत्यशोधकी घरातले, आणि वादाला सदैव तयार. "ओल आणि ऊब मिळाली की जीव होतो, एवढे बुवांनी मान्य केले ना? मग योजना करणारा मध्ये हवा कशाला? निसर्ग पुरेसा आहे. पेठे सर, तुम्ही फार मोठे काम केलेत. हाच फ्लास्क व्याख्यानात ठेवा."

"ठेवा, ठेवा," शास्त्रीबुवाही म्हणाले.

त्या दोघांचे एकमत झालेले मी प्रथमच पाहत होतो, आणि ते माझ्या चुकीवर झाले होते. चूक आहे याविषयी मला शंका नव्हती. कोठे आहे हे मात्र सांगता येईना. मी चहा तसाच ठेवून लॅबोरेटरीत परत आलो.

पुढचे दिवस फार अस्वस्थतेत गेले. प्रथम संशय नळीवर गेला. नळी बदलली, बुचाभोवती मेण ओतले, नळीच्या तोंडाला उकळलेला कापूस लावला. काढा पुन्हा गढूळ. मग वाटले, उकळणे कमी पडले असेल. अधिक वेळ उकळला. एक दिवस उशिरा, पण गढूळच. वर्गात शिकवीत असताना माझे लक्ष भिंतीपलीकडे फ्लास्कांकडे असे. मधल्या तासांना मी जाऊन पाहून येई. तुकाराम म्हणे, "सर, सारखं बघून दूध बी तापत न्हाई," आणि तरी पुन्हा दार उघडून देई.

अखेर मी प्रश्न उलटा घातला. त्याच मांडणीत कडब्याऐवजी गुळाचे पाणी चिंचेचा कोळ घालून उकळले. तसेच बूच, तशीच नळी. ते स्वच्छ राहिले. चार दिवसांनीही स्वच्छ. म्हणजे नळीत दोष नव्हता, हवेत नव्हता. जे काही येत होते ते कडब्याबरोबरच येत होते आणि उकळूनही मरत नव्हते.

याच सुमारास रावसाहेब स्वतः पाहायला आले. त्यांनी दोन्ही फ्लास्क काठीने दाखवीत विचारले, "हा स्वच्छ कशाचा?"

"गुळाचा."

"आणि हा?"

"कडब्याचा. तो का नासतो हे अजून समजलेले नाही."

"मग कडबा हवाच कशाला? गुळाचे पाणी मांडा. स्वच्छ आहे, प्रसादाचे आहे. काम झाले."

"शास्त्रीबुवांनी आणि मोहित्यांनी कडब्याचा फ्लास्क पाहिला आहे, रावसाहेब. मुलांनीही पाहिला आहे. गुळाचा मांडला तर..."

"तर काय? तुम्ही खोटे बोलणार नाही. फक्त एक साक्षीदार बोलावणार नाही. वकील रोज हेच करतात."

बोलणे मला जमत नसे. गप्प राहिलो की समोरचा त्याला होकार समजतो, हा अनुभव मला आयुष्यभर येत आला आहे. रावसाहेबही समाधानाने गेले. मी दार लावले आणि मायक्रोस्कोप काढला.

कडब्याच्या गढूळ काढ्याचा थेंब भिंगाखाली ठेवला. बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. नवीन काही नव्हते. पण सायीचा कण घेऊन पाहिला, तेव्हा काही काड्यांच्या पोटात एकेक चकाकणारा ठिपका दिसला. तो पाहिल्यावर कॉलेजात ऐकलेला आणि पुढे उपयोगी न पडल्याने विसरलेला एक शब्द आठवला : स्पोअर. मराठीत त्याला बीजाणू म्हणू. काही जंतू संकटकाळी आपला जीव अशा टणक ठिपक्यात आवळून घेतात आणि निपचित पडून राहतात. कडबा उन्हात महिनोन् महिने वाळतो. त्यावर टिकून राहणारा जीव याच जातीचा असणार. आपण मटकी भिजत घालतो, तेव्हा एखादा दाणा भिजत नाही आणि शिजवूनही शिजत नाही. त्याला गणंग म्हणतात. कडब्याच्या काढ्यात असे असंख्य गणंग होते. उकळीने जागे जंतू मरत होते आणि निजलेले तसेच राहत होते. काढा निवला की ते जागे होत.

उपाय यातूनच सुचत होता. त्यांना मोड येऊ द्यायचे आणि मग उकळायचे. एकदा उकळायचे, दिवसभर उबेत ठेवायचे, जे जागे होतील त्यांना दुसऱ्या दिवशी उकळायचे. आणि मागे राहिलेल्यांसाठी तिसऱ्या दिवशी पुन्हा.

रॉकेलवर रेशन होते. स्टोव्ह वापरण्यास हेडमास्तर राजी नव्हते, म्हणून घरची शेगडी आणि कोळसे शाळेत नेले. तुकाराम वारा घालीत बसला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, मुडदा बी एकदाच जाळत्यात. ह्यो कडबा कुठल्या जन्मीचा गुन्हेगार म्हनायचा?"

सगळ्या फ्लास्कांतला काढा स्वच्छ राहिला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. सहाव्या दिवशी मी त्यांतल्या एका फ्लास्कची नळी मुद्दाम काढली. तो दोन दिवसांत नासला. उरलेले स्वच्छच राहिले. मला त्या आठवड्यात प्रथमच व्यवस्थित भूक लागली.

व्याख्यान संध्याकाळी शाळेच्या पटांगणात झाले. मंडपात पेट्रोमॅक्सच्या बत्त्या होत्या. पुढे शहरातली मंडळी, मागे बाजाराला आलेली आसपासच्या गावांची माणसे. एका बाकावर कोपऱ्यात पोलीस होता. तो व्याख्यान सुरू होताच कंटाळला. रावसाहेब अध्यक्षस्थानी होते. मी टेबलावर सगळे फ्लास्क मांडले : गुळाचा, एकदा उकळलेला कडब्याचा, तीनदा उकळलेला आणि नळी काढलेला. रावसाहेबांनी कडब्याचे फ्लास्क पाहून भुवया उंचावल्या.

मी कागदावरून वाचले. गणंगांचा दाखला आला तेव्हा बायकांच्या बाजूला हालचाल झाली, आणि तीन उकळ्यांचे सांगितले तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "मास्तर, सगळा कडबा तुमीच उकळला, आता आमच्या म्हशीनं काय खायाचं?" लोक हसले. मलाही थोडे बरे वाटले. काढा स्वच्छ का राहतो आणि का नासतो हे सर्वांना कळले असावे, असे चेहऱ्यांवरून दिसत होते. मी कागदांची घडी केली.

"उत्तम," रावसाहेब म्हणाले. "पुरावा चोख आहे. आता निकाल सांगा."

"निकाल सांगितला, रावसाहेब. या काढ्यात जीव आपोआप उपजला नाही. जो आला तो आधीच्या जीवापासून आला."

"म्हणजे जीव आपोआप कधीही उपजत नाही. मग सृष्टीतला पहिला जीव?"

शास्त्रीबुवा पुढच्या रांगेतून म्हणाले, "स्वेदजाचे मी सोडून देतो. पेठ्यांनी मला आज निरुत्तर केले. पण घट दिसला की कुंभार मानावा लागतो. एवढ्याशा ठिपक्यात जीव आवळून ठेवण्याची युक्ती ज्याने केली, तो कुंभार फार कुशल असला पाहिजे."

मोहिते उभेच राहिले. "मग कुंभाराला कोणी घडवला? बुवा, पृथ्वी एके काळी तापलेला गोळा होती, हे भूगोलात आपण मुलांना शिकवतो. तिच्यावर तेव्हा जीव नव्हता. आज आहे. म्हणजे केव्हातरी तो निर्जीवातूनच झाला. पेठे सर, नाही म्हणून दाखवा."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. रावसाहेबही. दिवाळी जवळ आली होती. रावसाहेबांना हवे असलेले वाक्य लहान होते, त्यांनी ते मला आधीच पुरविलेले होते, आणि ते खोटे आहे असेही मला सिद्ध करता आले नसते. मी स्वतः रोज देवाला नमस्कार करून घराबाहेर पडत असे.

पण माझ्या फ्लास्कांनी ते वाक्य म्हटलेले नव्हते. मी म्हणालो, "या फ्लास्कमध्ये मी आधी सर्व जीव मारले आणि मग वाट अडवली. पाहिले ते थोडे दिवस. पृथ्वीवर आरंभी काय होते, किती काळ होते, याची मांडणी मी केलेली नाही. त्यामुळे बुवांचे खरे असेल, मोहित्यांचे खरे असेल. मला ठाऊक नाही."

शेवटचे वाक्य माझ्या तोंडून इतके हळू निघाले की पुढच्या रांगेपलीकडे गेले नाही. मागून आवाज आला, "आवं मास्तर, मोठ्यानं बोला की. काय म्हनला? देव का आपोआप?"

"मला ठाऊक नाही," मी पुन्हा म्हणालो.

"ऐकू येत न्हाई!"

तेव्हा मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने म्हणालो, "मला ठाऊक नाही!"

पोलिसाने मान वर केली. मागचा माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "ठावं न्हाई म्हनतोय. येवढं उकळून बी."

रावसाहेब रागावले नाहीत. ते खिन्न झाले, आणि ते अधिक अवघड होते. "ठाऊक नाही असे कोर्टात साक्षीदार म्हणतात, मास्तर," ते म्हणाले. "तज्ज्ञाच्या तोंडून मी ते प्रथमच ऐकले." मग त्यांनी समारोपात कर्त्याविषयी जे सांगायचे ते स्वतः सांगितले, आणि फार सुरेख सांगितले.

आरतीची तयारी सुरू झाली. मी फ्लास्क गोळा करीत असताना एक गृहस्थ टेबलापाशी आले. ते सांगलीचे होते, साताऱ्याला बहिणीकडे आले होते. सांगलीत त्यांचा औषधे तयार करण्याचा लहानसा कारखाना होता. युद्धामुळे विलायती माल येईनासा झाल्याने त्यांनी इंजेक्शनसाठी मिठाचे पाणी काचेच्या कुप्यांत भरण्यास सुरुवात केली होती.

"आमच्या काही कुप्या टोचल्यावर रोग्याला ताप भरतो," ते म्हणाले. "तुमच्या तीन उकळ्या आम्हाला चालतील का?"

"नाही," मी लगेच म्हणालो.

ते चकित झाले. "पण आत्ता तर तुम्ही..."

"कडब्याच्या काढ्यात अन्न असते, म्हणून बीजाणूला मोड येतात आणि मग तो मरतो. नुसत्या मिठाच्या पाण्यात त्याला मोड येणार नाहीत. निजून राहील आणि तिन्ही उकळ्यांतून सुटेल. रोग्याच्या अंगात गेल्यावर मात्र जागा होईल. तुम्हाला कोंडलेली, दाबाखालची वाफ लागेल. ऑटोक्लेव्ह म्हणतात त्या भांड्याला."

"ते आहे आमच्याकडे. पण कोळसा वाचावा म्हणून आम्ही साध्या उकळीवर भागवतो."

"मग ते थांबवा. आजच."

त्यांनी माझे नाव आणि पत्ता लिहून घेतला.

दिवाळीपूर्वी कमिटीची सभा झाली. मला कन्फर्म न करण्याचे कारण असे कळविण्यात आले की, मी विद्वान असलो तरी माझ्या बोलण्यात निश्चितपणा नसल्याने मुलांचा गोंधळ होण्याचा संभव आहे. रावसाहेबांनी घरी बोलावून हे स्वतः सांगितले, फराळाचे दिले आणि एक शिफारसपत्र देऊ केले. मोहिते कमिटीविरुद्ध सह्या गोळा करायला निघाले होते. त्यांना मी थांबविले. घरी पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ठाऊक असतं, तर सांगितलं असतंत का?" मी म्हटले, "ठाऊक असते तर सांगितलेच असते." ती म्हणाली, "मग झालं," आणि ट्रंक काढायला उठली. कोठे जायचे ते तोवर ठरले नव्हते.

महिन्याभराने सांगलीच्या कारखान्याचे पत्र आले आणि आम्ही तेथे गेलो. त्या गृहस्थांनी मला ऑटोक्लेव्हवर नेमले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "एखादी कुपी शुद्ध आहे की नाही असा संशय आला, तर तुम्ही काय कराल?" मी म्हणालो, "ठाऊक नाही असे लिहीन आणि तिच्याबरोबर वाफवलेला सबंध घाणा टाकून देईन." त्या दिवसापासून मी तेथे कायम झालो, प्रोबेशनशिवाय. नोकरी संपेपर्यंत मी हेच काम केले. व्याख्यान पुन्हा कधी दिले नाही.

पहिला जीव कोठून आला हे मला आजही सांगता येत नाही. नको असलेला जीव कोठून येतो, एवढे मात्र अनुभवाने सांगू शकतो : कोणीतरी एकदाच उकळून समाधान मानलेले असते, तेथून.